मोठ्या वयाचं छोटं कुत्रं घरी आल्यावर

कुणीतरी सोडून दिलेलं, चार-सात वर्षांचं, छोट्या जातीचं कुत्रं दत्तक घेतलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आठ दिवसांपूर्वी सहा वर्षांची पॉमेरेनियन कुत्री घरी आणली. वजन साडेपाच किलो. आल्यापासून दिवाणाखाली बसून आहे. आम्ही झोपलो की खाते, समोर असलो की नाही. सवय व्हावी म्हणून आमची नऊ वर्षांची मुलगी तिला रोज बाहेर ओढून मांडीवर घेते. काही चुकतंय का? (कोथरूड, पुणे)

उत्तर : ओढून काढणं चुकतंय आणि ते आजपासूनच थांबवा. दिवाणाखालची जागा सध्या तिची एकमेव सुरक्षित जागा आहे. तिथूनही हात येऊन ओढतो, हे कळलं की पुढची पायरी चावण्याची असते. उलट तिची गादी तिथेच सरकवा आणि पाण्याचं भांडं हाताभर अंतरावर ठेवा.

रात्री खाते, ही चांगली खूण आहे. तरी किती खाल्लं आणि किती पाणी प्यायली, हे मोजून लिहून ठेवा. या वजनाला दिवसाला साधारण 275 ते 330 मिली पाणी लागतं, त्यात ओल्या जेवणातलंही आलं. सलग दोन दिवस काहीच खाल्लं नाही किंवा 24 तास शू झाली नाही, तर भीतीवर खापर न फोडता डॉक्टर गाठा. आपल्याकडे गोचीडतापाची सुरुवातही अशीच होते: कुत्रं कोपरा धरतं, खात नाही, हिरड्या फिकट पडतात. निदान रक्ततपासणीने होतं.

आता ओळख. दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं, घरातल्या एकाने दिवाणापासून पाच-सहा फुटांवर तिच्याकडे कुशी करून जमिनीवर बसायचं. तोंडाने बोलावायचं नाही, टक लावून बघायचं नाही, पेपर वाचायचा. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे अधूनमधून टाकायचे, पण आपल्या बाजूला नाही, तिच्या पलीकडे. हातातून भरवायची घाई केली की भूक पुढे ओढते आणि भीती मागे. ती तुकडा हिसकते, भान येताच दचकते आणि दुसऱ्या दिवशी आणखी आत जाते. तुकडा लांब पडला तर खाऊन मागे सरकायची मोकळीक राहते. ही मोकळीक मिळाली की ती आपणहून जवळ येऊ लागते.

बाहेर येऊन हुंगू लागली तरी लगेच हात लावू नका. ती टेकून उभी राहिली तर हनुवटीखाली किंवा छातीवर तीन सेकंद खाजवा आणि हात थांबवा. पुन्हा अंग पुढे केलं तर आणखी तीन सेकंद. ओठ चाटणं, जांभई, मान वळवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं या सगळ्याचा अर्थ ‘पुरे’. गुरगुरली तर रागावू नका. गुरगुरणं दाबलेलं कुत्रं पुढे न सांगता चावतं. मुलीला एकच नियम द्या: कुत्रीने तिच्याकडे यायचं, तिने कुत्रीकडे जायचं नाही.

तीन दिवस बावरलेपणाचे, तीन आठवडे घर समजण्याचे, तीन महिने रुळण्याचे, असा एक ढोबळ हिशोब सांगतात. सहा वर्षं एका घरात काढलेल्या कुत्रीला आठ दिवस म्हणजे काहीच नाही. (आणि आपल्याकडे जिला पॉमेरेनियन म्हणतात ती बहुतेकदा इंडियन स्पिट्झ असते. वजन पाहता तुमचीही तीच असावी, म्हणून ‘जास्त वजन’ समजून उपाशी ठेवू नका.)

प्रश्न : पाच वर्षांची शिह त्झू, पिल्लांसाठी ठेवलेली होती. खाली अर्धा तास फिरवतो तेव्हा काही करत नाही, घरात शिरताच पायपुसण्यावर शू करते. फिनेलने पुसतो. (नाशिक)

उत्तर : पिल्लांसाठी ठेवलेली मादी बहुधा पिंजऱ्यातच वाढते. तिला ठरावीक जागेपर्यंत शू धरून ठेवायला कुणी शिकवलेलंच नसतं. जिथे उभी, तिथे शू. त्यातून पायांना विशिष्ट स्पर्शाची सवय लागते: फरशी, गोणपाट, जाळी. मातीवर किंवा गवतावर तिला ‘ही ती जागा’ असं वाटतच नाही. तेव्हा पायपुसणी महिनाभर उचलून ठेवा. त्यातलंच एक जुनं, तिच्या वासाचं पायपुसणं खाली नेऊन रोजच्या एकाच कोपऱ्यात अंथरा. तिथे जमू लागलं की दर तीन-चार दिवसांनी ते कापून लहान करा.

नेण्याच्या वेळा: उठल्याबरोबर, प्रत्येक खाण्यानंतर 15-20 मिनिटांनी, झोपण्याआधी आणि मधल्या वेळात सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी. अर्धा तास भटकण्यापेक्षा एका जागी पाच-सात मिनिटं गुपचूप उभं राहा. शू संपता संपता, तिथेच खाऊ द्या. घरी येऊन दिला तर तिच्या लेखी तो दारातून आत येण्याचा खाऊ. काहीच केलं नाही तर आत आल्यावर मोकळी सोडू नका. छोटा पट्टा कमरेला बांधून जवळ ठेवा आणि दहा मिनिटांनी पुन्हा खाली न्या.

फिनेलने आपल्या नाकाला वास जातो, तिच्या नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमवालं क्लीनर मिळतं. ते ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ मुरू द्यायचं, लगेच पुसलं तर काम करत नाही.

दोन तपासण्या मात्र आधी करा. एक लघवीची, संसर्ग असेल तर शिकवण्याचा उपयोग नाही. दुसरी गर्भाशयाची, नसबंदी झालेली नसेल तर. माज संपल्यानंतरच्या चार-आठ आठवड्यांत पाणी फार पिणं, मलूल होणं, मागून घाण वासाचा स्राव हे दिसलं, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर. स्राव दिसतोच असंही नाही.

प्रश्न : पग, चार वर्षांचा. तो रुळावा म्हणून आम्ही दोघांनी आठवडाभर रजा काढली. सोमवारी कामाला गेलो तर दिवसभर भुंकला, दार खरवडलं. सोसायटीतून तक्रार आली. (ठाणे)

उत्तर : रजा योग्य हेतूने काढलीत, पण सात दिवस एक क्षणही एकटं न सोडता आठव्या दिवशी नऊ तास गायब होणं, हेच त्याला झेपलं नाही. जुन्या मोबाइलवर रेकॉर्डिंग करा. निघाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत किंचाळणं, लाळ, दाराशी येरझाऱ्या असतील तर ती घबराट आहे. मागे ठेवलेला खाऊ तुम्ही परत आल्यावरच खात असेल, तर शंकाच नको.

आता सराव. किल्ल्या वाजवा, बॅग उचला आणि परत सोफ्यावर बसा. हे बिनमहत्त्वाचं झालं की दाराबाहेर पाच सेकंद. मग वीस, दहा, चाळीस, पंधरा, असं वरखाली करत. सतत वाढवत नेलं तर तो प्रत्येक वेळेला धास्तावतो. रोज एकदा, आठ-दहा फेऱ्या, आणि परत यायचं ते तो अस्वस्थ होण्याआधी. पहिली 30-40 मिनिटं गाठायलाच आठवडे लागतात, पुढचे तास तुलनेने लवकर जमतात. या काळात पूर्ण दिवस एकटं सोडलंत तर केलेलं पुसलं जातं. आई, शेजारी, पाळणाघर, आळीपाळीने घरून काम, काहीतरी जुळवावंच लागेल. बाथरूममध्ये कोंडू नका. घाबरलेलं कुत्रं दारावर नखं आणि दात तोडून घेतं. शिवाय बंद, पंखा नसलेल्या खोलीत उन्हाळ्यात चपट्या नाकाच्या पगच्या जिवावर बेततं.

प्रश्न : ल्हासा मिश्र, पाच किलो, सात वर्षं. ड्राय फूडला तोंड लावत नाही. सासूबाई दूध-पोळी आणि बिस्किटं देतात, ती आवडीने खातो, पण शी पातळ होते. (सांगली)

उत्तर : आधी तोंड उघडून बघा. छोट्या जातींचे दात आणि हिरड्या लवकर खराब होतात. दुर्गंधी, लाल हिरड्या, ड्राय फूडचे दाणे तोंडातून पडणं असेल तर त्याला चावताना दुखतंय, तो नखरे करत नाही. पातळ शी बहुधा दुधाची. वयात आलेल्या बऱ्याच कुत्र्यांना ते नीट पचत नाही.

नसबंदी झालेल्या पाच किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण साडेतीनशे ते पावणेचारशे कॅलरी पुरतात. एका ग्लुकोज बिस्किटात पंचवीसच्या आसपास असतात, म्हणजे चार बिस्किटांत पाव दिवसाचं जेवण संपलं. दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, उकडलेलं चिकन आणि भात यांत मिसळा. पहिले दोन दिवस पाव भाग दाणे, मग निम्मे, मग पाऊण, असं आठवडाभरात. सासूबाईंना भरवण्याची हौस असेल तर डब्यातून मोजलेले दाणेच त्यांच्या हातून द्या.

कांदा-लसूण घातलेली आमटी, मनुका, द्राक्षं, चॉकलेट, शिजवलेली हाडं नकोत. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलही नको.

प्रश्न : सोसायटी म्हणते कुत्र्याला लिफ्ट बंद. (मुंबई)

उत्तर : अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडिया या केंद्र सरकारच्या मंडळाच्या 2015च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पाळीव कुत्र्याला लिफ्ट नाकारता येत नाही आणि त्यासाठी जादा शुल्कही घेता येत नाही. लेखी अर्जासोबत महापालिकेचा परवाना आणि रेबीज लसीचा दाखला जोडा. जुने कागद मिळाले नसतील तर लस पुन्हा देऊन घ्या.

प्रश्न : नाव बदललं तर चालेल?

उत्तर : चालेल. नवं नाव उच्चारायचं आणि लगेच खाऊ, दिवसातून दहा-पंधरा वेळा. आठवडाभरात मान वळायला लागते. जुन्या नावाने हाक मारल्यावर कुत्रं अंग चोरत असेल तर बदलाच.