तीळ मोठा झालाय आणि काखेत गाठ लागतेय, हा त्वचेचा कॅन्सर पसरल्याचं लक्षण असू शकतं का?

असू शकतं. इन्फेक्शननेही काखेत गाठ येते म्हणा, पण तीळ बदललाय आणि त्याच बाजूला गाठ आलीय तर वाट बघू नका, सरळ स्किनच्या डॉक्टरला दाखवा. मेलेनोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा त्वचेचा कॅन्सर, पसरताना बरेचदा आधी जवळच्या लिम्फ नोडमध्ये (इन्फेक्शनशी लढणाऱ्या छोट्या ग्रंथीत) जातो, म्हणजे हातावरचा काखेत, पायावरचा जांघेत, आणि ती गाठ कडक लागते, बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून तर लोक दुर्लक्ष करतात. तिळाजवळ कातडीखाली छोट्या गुठळ्या जाणवतात का तेही बोटाने चाचपून बघा. तीळ आपोआप चिघळणं, रक्त येणं, कडा वेड्यावाकड्या होणं हेही वाईटच. पुढे फुप्फुस, लिव्हर, मेंदूत गेला की खोकला, दम लागणं, वजन उतरणं, सतत डोकं दुखणं, फिट येणं असं काहीही होतं.

आणि हो, तळपाय आणि नखं बघायला विसरू नका, जमैकाचा गायक बॉब मार्ले, त्याला १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच मेलेनोमा सापडला होता, १९८१ मध्ये तो गेला. नक्की काय ते बायोप्सीतच (तुकडा काढून केलेल्या तपासणीत) कळतं, फोटो बघून कोणी सांगत असेल तर ऐकू नका.