शिकिमिक आम्ल आणि बांधावरची हरळी

प्रश्न : उसाच्या बांधावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं. चार दिवस झाले, हरळी हिरवीच. औषध खोटं लागलं का? (एक शेतकरी, चिकोडी)

उत्तर : एवढ्यात ठरवू नका. हे औषध पान जाळत नाही, आतली साखळी तोडतं. वनस्पती साखरेच्या विघटनातून शिकिमिक आम्ल बनवते. त्यापासून पुढे कोरिस्मिक आम्ल आणि त्यातून फिनाइलअ‍ॅलानिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, तयार होतात. ग्लायफोसेट या साखळीतलं मधलंच एक विकर (एन्झाइम) अडवतं. मग शिकिमिक आम्ल पानात तुंबतं, कोंबाला प्रथिनं मिळत नाहीत. साठा संपेपर्यंत गवत हिरवं दिसतं. हरळीला दोन-तीन आठवडे द्या. तोवर कापू नका, नांगरू नका, नाहीतर औषध काशांपर्यंत, म्हणजे जमिनीतल्या खोडांपर्यंत, पोचणारच नाही.

तरीही मेली नाही तर आधी पाणी तपासा. विहिरीच्या जड पाण्यातलं कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं. 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम अमोनियम सल्फेट आधी विरघळवायचं, औषध त्यानंतर. गढूळ पाणी तर नकोच, मातीचे कण औषध धरून बसतात. सुकलेल्या, धुळीनं माखलेल्या गवतावर फवारणी वाया जाते. सहा तासांत पाऊस आला तरी तेच.

उसाच्या पानावर तुषार गेला तर उसातही हीच साखळी तुटते, म्हणून नोझलला हूड (तुषार अडवणारं झाकण) हवाच. आणखी एक, केंद्राच्या 2022 च्या अधिसूचनेनं ग्लायफोसेटचा वापर फक्त कीड नियंत्रण चालकांमार्फतच (पेस्ट कंट्रोल ऑपरेटर) करण्याचं बंधन घातलं होतं.