शेणखत घातले म्हणून युरिया किती कमी करावा?

वाचकांचे प्रश्न : जमीन आणि खते

प्रश्न : वाळवा तालुक्यात माझी मध्यम काळी, बागायती जमीन आहे. यंदा सुरू उसाला (हिवाळ्याच्या अखेरीस लागण होणाऱ्या उसाला) एकरी ८ टन शेणखत घातले आहे. त्यामुळे युरिया निम्म्यावर आणावा, असा विचार आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर : आपण एवढे शेणखत घातले हे उत्तम केले, मात्र तेवढ्या आधारावर युरिया निम्मा करू नये. सुरू उसासाठी महात्मा फुले कृषी विद्यापीठाची हेक्टरी २५० किलो नत्र (नायट्रोजन), ११५ किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ११५ किलो पालाश (पोटॅश) ही जी शिफारस आहे, ती हेक्टरी २० टन शेणखत किंवा कंपोस्टसह दिलेली आहे. एकरी हिशेबाने ते ८ टनच होतात. म्हणजे आपले शेणखत शिफारशीत आधीच धरलेले असून ते पुन्हा वजा केल्यास पिकाचाच वाटा कमी होईल.

आकड्यांत पाहिले तरी हेच दिसते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे ८ टनांत सुमारे ४० किलो. परंतु हे नत्र सेंद्रिय रूपात बांधलेले असल्याने जिवाणू ते जसजसे मोकळे करतात तसतसेच पिकाला मिळते आणि पहिल्या हंगामात ढोबळमानाने त्याचा एक तृतीयांश भागच हाती लागतो. हे १३ किलो नत्र म्हणजे जेमतेम २८ किलो युरिया, ४५ किलोच्या एका पोत्याहूनही कमी. याउलट उसाला एकरी लागणारे १०० किलो नत्र युरियातून द्यायचे तर सुमारे २१७ किलो युरिया लागतो. त्यातला निम्मा काढून घेतल्यावर पडणारी तूट शेणखत त्या हंगामात भरून काढू शकत नाही.

मग शेणखत कशासाठी, असे कोणी विचारील, तर त्याचे खरे काम जमिनीत आहे. सततच्या पाण्याने दबलेली काळी जमीन त्याने भुसभुशीत होते, मुळांना हवा मिळते आणि दिलेले अन्नद्रव्य वाहून न जाता मातीच्या कणांना धरून राहते. चुनखडीच्या जमिनीत सुपर फॉस्फेटचे स्फुरद चुन्याशी बांधले जाते. तेच खत शेणखतात मिसळून सरीत दिले, तर त्याचा अधिक भाग मुळांना मिळतो. म्हणूनच एकाच्या जागी दुसरे, असा हिशेब मला मान्य नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० मध्ये सुरू केलेल्या दीर्घकालीन खत प्रयोगांतही नुसते नत्र देत गेलेल्या वाफ्यांची उत्पादकता घसरली, आणि नत्र, स्फुरद, पालाश यांना शेणखताची जोड मिळालेल्या वाफ्यांनी ती सर्वांत चांगली टिकवली.

युरिया कमी करायचाच असेल तर माती परीक्षणाचा अहवाल समोर ठेवून करावा. शिवाय बचतीचा मोठा मार्ग मात्रा चुकीच्या वेळी न देण्यात आहे : लागणीच्या वेळी १० टक्के नत्र, ६ ते ८ आठवड्यांनी ४० टक्के, १२ ते १६ आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला (उसाच्या बुंध्याला मातीची भर देताना) उरलेले ४० टक्के. आणखी एक गोष्ट तपासावी. मूठभर शेणखत हातात घेऊन पाहावे. ते काळसर, हलके आणि मातीसारख्या वासाचे असावे. शेणाचा उग्र वास येत असेल, गवताच्या काड्या ओळखू येत असतील किंवा ढिगात हात घातल्यावर गरम लागत असेल, तर ते कुजलेले नाही. असे कच्चे खत तणांचे बी आणि हुमणीच्या अळ्या शेतात घेऊन येते, आणि आपल्या भागात हुमणीने उसाचे केलेले नुकसान आपण जाणताच.

प्रश्न : खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसात) पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, न जाळता सरीत दाबले, पण महिन्याभरात ऊस पिवळा पडला. पाचट ठेवणे चुकले का?

उत्तर : पाचट ठेवणे चुकले नाही, त्याला नत्राची जोड द्यायची राहिली. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अत्यल्प असते, त्यामुळे ते कुजवणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी जमिनीतले नत्र उचलतात आणि काही आठवडे पिकाला टंचाई भासते. खात्रीसाठी पाने पाहावीत. पिवळेपणा खालच्या, जुन्या पानांपासून सुरू झाला असेल तर ही नत्राचीच कमतरता होय. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी आहे. पहिल्या स्थितीत वापशावर (जमिनीत बेताचा ओलावा असताना) थोडा युरिया सरीच्या बगलेला मातीआड करावा. पुढील वर्षी मात्र प्रत्येक टन पाचटामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणूखत आरंभीच टाकून पाणी द्यावे. एकरी ३ ते ४ टन पाचट निघते, त्यावरून एकूण मात्रा काढता येईल. एवढे सोने बांधावर पेटवून देणे पाहवत नाही, म्हणून आपण ते राखलेत याचे मनापासून समाधान वाटते.

प्रश्न : जिवाणूखते आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये रासायनिक खतांतच मिसळून दिली तर मजुरी वाचेल ना?

उत्तर : मजुरी वाचेल, पण खत वाया जाईल. युरिया किंवा डीएपीच्या (नत्र आणि स्फुरद देणाऱ्या खताच्या) संपर्कात जिवाणू मरतात, म्हणून जिवाणूखत ओलसर, कुजलेल्या शेणखतात मिसळून स्वतंत्रपणे द्यावे. झिंक सल्फेटही डीएपीत मिसळू नये, कारण जस्त आणि स्फुरद एकमेकांना बांधून टाकतात. एकरी ८ किलो झिंक सल्फेट आणि १० किलो फेरस सल्फेट दहापट शेणखतात मिसळून, ढीग ओला ठेवून, सावलीत ५ ते ६ दिवस मुरू द्यावा आणि मग सरीतून मातीआड द्यावा.