लेखकाच्या मृत्यूनंतर प्रकाशित झालेली, मराठवाड्यातील वाचकाला जवळची वाटेल अशी कादंबरी कोणती?

जुझेप्पे तोमासी दी लाम्पेदूसा यांची ‘द लेपर्ड’ (मूळ इटालियन नाव ‘इल गात्तोपार्दो’) मी सुचवेन. सिसिलीतील सरदार घराण्याच्या या लेखकाची ही एकमेव पूर्ण कादंबरी. हस्तलिखित दोन मोठ्या प्रकाशनसंस्थांनी नाकारले आणि जुलै १९५७ मध्ये लेखकाचे निधन झाले. पुढे कादंबरीकार जॉर्जो बास्सानी यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि १९५९ मध्ये तिला इटलीतील प्रतिष्ठेचा स्त्रेगा पुरस्कार मिळाला.

१८६० मध्ये इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गारिबाल्दी या सेनानीचे सैन्य सिसिलीत उतरते, जुनी राजवट कोसळते आणि एक वयस्क सरदार आपल्या वर्गाचा अस्त उघड्या डोळ्यांनी पाहत राहतो, एवढेच कथानक आहे. मात्र १७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामी राजवट गेली, पुढच्याच वर्षी जहागिऱ्या संपल्या आणि गावोगावच्या गढ्यांची पांढरी माती पावसागणिक ढासळत गेली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आपल्याकडच्या वाचकाला त्या सरदाराचे मौन समजावून सांगावे लागत नाही. (आमच्या आजोळच्या गढीचा आता केवळ बुरूज उरला आहे.)

अशा पुस्तकांत संहितेचा प्रश्न मात्र राहतोच. बास्सानी यांच्या आवृत्तीत मूळ हस्तलिखिताहून फरक असल्याचे आढळल्याने १९६९ मध्ये १९५७ च्या हस्तलिखितानुसार नवी आवृत्ती काढण्यात आली. त्यामुळे अनुवाद घेताना तो कोणत्या आवृत्तीवरून केला आहे, हे प्रस्तावनेत पाहून घ्यावे.