नव्या कॉम्प्युटरवर जुनी मराठी उमटंना

प्रश्न : नमस्कार दादा, आमचं जिंतूरला झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, ग्रामपंचायतीचे ठराव असं सगळं टाइप करून देते. जुना कॉम्प्युटर लईच रखडायला लागला म्हणून नवा घेतला, त्यात विंडोज ११ आहे न् डोकं उठलंय बघा. जुन्या मराठी फायली उघडल्या की नुसती एबीसीडी न् भलतीच चिन्हं दिसायलेत, ज्यानं कॉम्प्युटर दिला तो म्हणतो फायलीच खराब झाल्या. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं न् अपडेट सुरू होतंय. डेस्कटॉपवरच्या फायलींवर ढगाचं चिन्ह आलंय, जागा भरली म्हणून मेसेज येतोय. जुनाच दुरुस्त करून वापरू का?

उत्तर : ताई, आधी हे सांगतो की तुमच्या फायली खराब झालेल्या नाहीत, एकही डिलीट करू नका. कृतिदेव, श्रीलिपी, डीव्हीबी सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरं, चिन्हंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यावर मराठी आकार काढतो. कृतिदेवमध्ये ‘काम’ लिहिलं की आत डी, के, ई असतं, फॉन्ट नसला की तेच दिसतं. नव्या मशीनमध्ये तो फॉन्ट नाही, एवढंच झालंय. जुन्या कॉम्प्युटरच्या विंडोज फोल्डरमधल्या ‘फॉन्ट्स’मधून तुमचे फॉन्ट पेनड्राइव्हवर घ्या, नव्यावर राइट क्लिक करून इन्स्टॉल करा, फायली होत्या तशा दिसतील. कुणाच्या मेहनतीच्या फायलींना न बघता खराब म्हणून मोकळं होणं मला अजिबात पटत नाही.

पण नवीन काम आता युनिकोडमध्येच करा, म्हणजे फाइलच्या आत खरी मराठी अक्षरंच साठवली जातात, ते मोबाइलवर, ईमेलमध्ये, सरकारी पोर्टलवर मराठीच दिसतं. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रिजन इथं मराठी जोडा, मग तिच्या लँग्वेज ऑप्शन्समध्ये कीबोर्ड निवडा, इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी अक्षरांच्या ठरलेल्या बटणांची टायपिंग पद्धत, येत असेल तर साधा ‘मराठी’, इंग्रजी स्पेलिंगनं टाइप करायचं असेल तर ‘मराठी फोनेटिक’. विंडोजचं बटण न् स्पेस दाबलं की भाषा बदलते. जुना मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणता येतो, पण रफार, पहिली वेलांटी न् गट नंबर डोळ्यानं तपासल्याशिवाय प्रिंट देऊ नका, ठरावात गट नंबर चुकला तर त्या शेतकऱ्याला हेलपाटे पडतात.

अपडेटसाठी विंडोज अपडेटच्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘अॅक्टिव्ह आवर्स’ला दुकानाची वेळ टाका, म्हणजे त्या वेळात मशीन आपोआप रिस्टार्ट होणार नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवत असाल तर ते कनेक्शन ‘मीटर्ड’, म्हणजे मोजूनमापून डेटा वापरायचं, असं सेट करा, बहुतेक अपडेट डाउनलोड व्हायचे थांबतात. जुलैत पीक विम्याची गर्दी असताना ‘पॉज’ करून ठेवा, पण नंतर अपडेट घ्याच.

ढग म्हणजे वनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टची फायली ऑनलाइन ठेवायची जागा. फुकटात ५ जीबीच मिळते, डेस्कटॉप त्याला जोडलेला असला की लवकर भरते. तिथल्या फायली ऑनलाइन जाऊन डिलीट केल्या तर कॉम्प्युटरवरूनही जातात, म्हणून आधी सगळं दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा, मग वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ‘मॅनेज बॅकअप’मधून डेस्कटॉप बंद करा.

आणि जुन्यात विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. लोकांचे आधार, बँक पासबुक तुमच्याकडं स्कॅन होतात, त्या कामाला तो नेटवर नको, फॉन्ट काढून होईपर्यंत नुसता राहू द्या.