हिरडीच्या द्रवातून हाडाची झीज मोजताना

हिरडी आणि दात यांच्या फटीतल्या द्रवातून जबड्याच्या हाडाची झीज मोजायची, हा थीसिसला विषय छान निवडलायस. पण दहा मार्करांमागे (झीज दाखवणाऱ्या रेणूंमागे) धावू नकोस. रँक लिगँड आणि ऑस्टिओप्रोटेजेरिन ही प्रथिनांची जोडी आधी पक्की कर: पहिलं हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी घडवतं, दुसरं त्याला अडवतं.

नवशिक्यांचं बिनसतं ते बहुतेक वेळा नमुना घेतानाच:

– हिरडीच्या कडेच्या वर दातावर साचलेला प्लाक (जंतूंचा थर) काढ, कापसाने लाळ अडव, हलक्या हवेने दात कोरडा कर. मगच द्रव शोषणारी कागदी पट्टी (पेपर स्ट्रिप) त्या फटीत, 30 सेकंद.
– पट्टीवर रक्ताचा ठिपका दिसला की ती फेक. ठेवायचा मोह होतो, तरी फेकच.
– पॉकेटची, म्हणजे त्या फटीची, खोली नंतर मोज. प्रोब (मोजायची सळई) आधी घातलास तर रक्त येणारच.

रुग्णाला मधुमेह किंवा ऑस्टिओपोरोसिस आहे का, ते विचार. एलायझाचे (प्रथिनं मोजायच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचे) बारकावे पुढे बघू.