बेंचमार्क 70 जीबी दाखवतोय, खरा धरू का?

प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लिनक्सवर सीमध्ये मेमरी बेंचमार्क, म्हणजे मेमरीचा वेग मोजायचा प्रोग्राम लिहिला. मॅलॉकनं (मेमरी मागायचं फंक्शन) 1 जीबी घेऊन त्यातल्या आकड्यांची नुसती बेरीज केली, तर सेकंदाला 70 जीबी वेग आला. लॅपटॉपात डीडीआर4-3200 रॅमची एकच पट्टी आहे. आकडा बरोबर आहे का?

नाही हो. आधी कागदावर गुणाकार करा. नावातले 3200 म्हणजे सेकंदाला 320 कोटी वेळा 8 बाइट, म्हणजे 25.6 जीबी. एक पट्टी याच्या वर देऊच शकत नाही. आकडा पुढे गेला की समजायचं, रॅम मोजलीच गेली नाही.

तुम्ही मॅलॉक केलंत, पण त्यात काही लिहिलं नाही. अशी कोरी मेमरी वाचायला गेलं की लिनक्स रॅममधली खरी पानं (मेमरीचे छोटे तुकडे) देतच नाही, सगळे पत्ते शून्यांनी भरलेल्या एकाच पानाकडे वळवतो. 1 जीबीत 4 केबीची 2,62,144 पानं. हजेरीपटावर अडीच लाख नावं आणि वर्गात पोरगं एकच! ते कॅशेत, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या वेगवान मेमरीत, निवांत बसतं, आणि तुम्ही त्याचाच वेग मोजता.

म्हणून घड्याळ लावायच्या आधी पूर्ण अ‍ॅरे भरून घ्या. शून्यानं मात्र नको. मॅलॉक आणि पाठोपाठ शून्याचा मेमसेट (मेमरी भरायचं फंक्शन) दिसला की जीसीसी हा कंपायलर दोन्ही मिळून कॅलॉक, म्हणजे शून्यांची कोरी मेमरी मागणारं फंक्शन, करून टाकतो, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बेरीजही शेवटी छापा, नाहीतर कंपायलर लूपच उडवतो.

उलटी चूक मी केली आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कास्टिंगचे (ओतीव भागांचे) फोटो तपासायचा प्रोग्राम लिहिताना 4 एमबीच्या बफरवर चाचणी घेतली. सगळं कॅशेत मावलं, मी खूश. खरे फोटो त्याच्या कितीतरी पट मोठे, वर मी ते उभ्या ओळींनी वाचत होतो. शेडमध्ये प्रोग्राम रडत चालला. तेव्हापासून माप मोठं घेतो, शेवटच्या कॅशेच्या निदान चौपट, आणि वाचायची चालही खऱ्या प्रोग्रामसारखीच ठेवतो. सरळ ओळीनं वाचलं तर प्रोसेसर पुढचा डेटा आधीच आणून ठेवतो. म्हणून एका वाचनाला किती वेळ लागतो हे हवं असेल तर पत्ते पिसून साखळी करा, प्रत्येक घरात पुढच्या घराचा पत्ता.

आणि चार्जर लावलेला असू दे. आमच्याकडे दुपारी लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, प्रोसेसर मंदावला, आणि मी संध्याकाळपर्यंत कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो.